थांबलेला वेळ

“एकूण अंतराला एकूण वेळेनं भागायचं, आणि थांबलेला वेळ गाळायचा नाही,” गणिताचे मास्तर असलेले यजमान द्वारकाबाईंना सांगत.

आता तो भागाकार द्वारकाबाईंच्या पायातलं सरकारी कडं करी. रोजच्या फेरफटक्याचा सरासरी वेग ताशी दोन किलोमीटरखाली गेला, की म्हाताऱ्या माणसाची रवानगी केंद्रात. मास्तरांना तसंच नेलं. परत आल्या त्या अस्थी.

“आई, औदुंबराच्या प्रदक्षिणा आजच्यापुरत्या राहू द्या ना,” सून कळवळली. “फिरून तिथंच येता, म्हणून कडं ते थांबणंच धरतं. आज वेग आधीच काठावर आहे; आणखी पडला तर संध्याकाळी गाडी येईल दारात!”

“धरू दे गं. रोज अकरा घालीन, असा ते जाताना त्यांना शब्द दिलाय.”

तांब्या भरून घेऊन त्या सावकाश पायऱ्या उतरल्या.