वाक्यात उपयोग

आजही अवघड इंग्रजी शब्द शिकवताना तिच्या कानात बाबांचं शिलाई मशीन सुरू होतं. बाबा शिंपी, इंग्रजीचा गंध नाही, पण लेकीचे शब्द रोज घोटून घ्यायचे. "मॅग्नॅनिमस म्हणजे उदार. राजा मॅग्नॅनिमस होता." "कुठला राजा? ओळखीतलं माणूस घे, तरच शब्द अंगी लागेल," बाबा अडवायचे. मग हट्टी काकू ऑब्स्टिनेट झाली, चिक्कू घरमालक पार्सिमोनियस! परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं सांगायला मात्र जीभ रेटेना. त्या संध्याकाळी शब्द आला 'रिलक्टंट'. "मुलीला परगावी प्रवेश मिळालाय," ती पुटपुटली, "पण पाठवायला बाबा रिलक्टंट आहेत." मशीन थांबलं. "म्हणजे?" "मनातून तयार नसणं." "वाक्य साफ चुकलं, बाई. बाबा एका पायावर तयार आहे." मान खाली घालून त्यांनी मशीन भरधाव सोडलं. कापडावर नुसती भोकं पडत गेली. सुईत दोराच नव्हता.