त्या दुपारचा वारा

कामावरच्या मनोऱ्यावरून पडून थोरला भाऊ गेला, तेव्हा सगळे म्हणाले, वाऱ्यानं तोल गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि वारा मोजायचं त्याचं काम पुढे धाकट्याकडे आलं. रुजू झाल्यावर राहवेना म्हणून त्यानं त्या दुपारचा आलेख उघडला. वाऱ्याची रेघ सपाट होती; वर पानसुद्धा हललं नसतं. कार्बन डायऑक्साइडची रेघ मात्र चढलेली. मनोऱ्यावरच्या हवा ओढणाऱ्या नळीजवळ माणूस बसला, की त्याच्या श्वासानं ती तशी चढते. दादा तिथे खूप वेळ एकटाच बसून होता. मग रेघ एकदम खाली आली होती.

धाकटा घरी आला. वहिनी आतल्या खोलीत बाळाला निजवत होती. आईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या त्या मशीनमध्ये जुना वारा दिसतो म्हणे?"

"दिसतो."

"मग त्या दिवशीचा पाहिलास?"

त्याचा घास हातातच राहिला. "पा... पाहिला ना. भयंकर सुटला होता, आई. कोणाचाच टिकाव लागला नसता."

"त्या दुपारी मी गच्चीत चादरी वाळत घातल्या होत्या," आई म्हणाली. "एकही हलली नाही."

धाकट्यानं मान खाली घातली. आईनं उठून आतल्या खोलीचं दार अलगद लोटून घेतलं.

"तुझ्या वहिनीनं विचारलं, तर तिलाही हेच सांग. फक्त असा अडखळू नकोस."