मुसफ्फातला पाहुणा

जहूरने जेवणाचं ताट समोर ठेवलं, तरी पाहुण्याने मान वळवली नाही. दाढीमिशांचं रान माजलेला तो माणूस टीव्हीकडे टक लावून बसला होता.

"खा बाबा, कालपासून पोटात काही नाही तुझ्या," जहूर मराठीतच म्हणाला. पाहुण्याला ना इंग्रजी कळे, ना हिंदी. मग आपली भाषा काय वाईट?

मुसफ्फा या आखातातल्या कारखान्यांच्या वस्तीत, गोदामांमागच्या या बंगल्यात, पाहुण्याच्या वरच्या खोलीला बाहेरून कुलूप असायचं. पाहुणा कोण, ते मालक कोरेनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. युरोपातल्या एका चिमुकल्या देशाचा माजी मंत्री, इस्पितळांचे पैसे गिळून पळालेला. तिथे नवा माणूस सत्तेवर आला की याला कोर्टात उभं करायचं. तोवर फोन नाही, ब्लेड नाही. जिवाचं बरंवाईट करून घेईल. टीव्ही मात्र चालू ठेवायचा. "बघू दे त्याला," कोरेन म्हणाला होता.

तो नवा माणूस जहूरला मनापासून आवडला होता. साधा शाळामास्तर, पण भल्याभल्यांची झोप उडवली होती त्याने. एका परदेश दौऱ्यात हल्ला झाल्यापासून तो लोकांत येत नसे, भाषणंही पडद्यावरूनच करी. तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. 'यापुढे कुणाचे कागद दुसऱ्याच्या कपाटात राहणार नाहीत,' असं तो बोलला, तेव्हा खालच्या इंग्रजी ओळी वाचून जहूरचे डोळे भरून आले.

जहूरचा स्वतःचा पासपोर्ट कोरेनच्या कपाटात होता. नोकरीला लागताना सगळेच देतात, म्हणून त्यानेही दिला होता, आणि अडकला होता. तिकडे रत्नागिरीत लेकीचं, एमानचं लग्न तोंडावर आलं होतं.

"अहो, बापाशिवाय निकाह लावायचा का पोरीचा?" बायको अन्वरी फोनवर रडायची.

"शपथविधी झाला की सुटलो बघ. साहेब पासपोर्ट देणार आहेत. इन्शाल्ला, शुक्रवारी घरी."

मास्तरचं भाषण लागलं की पाहुणा उसळायचा. पडद्याकडे बोट दाखवायचा आणि स्वतःची छाती बडवायचा. याने माझं वाटोळं केलं म्हणतोय, एवढं जहूरला सहज कळायचं. एकदा तर पाहुण्याने त्याचे पाय धरले आणि खुणेने फोन मागितला. जहूरने पाय सोडवून घेतले.

"हबीबी, लोकांना लुटताना लाज नाही वाटली? भोग आता."

शपथविधीच्या दुपारी मात्र जहूर विरघळला. कसाही असला तरी इतके दिवस आपल्या हातचं जेवलेला माणूस. प्रवासाला निघणाऱ्याला असल्या अवतारात पाठवायची आपल्याकडे रीत नाही. त्याने आपला वस्तरा आणि साबण गुपचूप वर आणला.

"बस नीट. कोर्टात तोंड दाखवायचंय ना?"

पाहुणा मुकाट बसला. टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. सभागृह उभं राहिलं, समोरचा भलामोठा पडदा उजळला. जहूरचं लक्ष हातातल्या कामात होतं. एक गाल झाला, दुसरा झाला, मिशी उतरली. ओल्या टॉवेलने त्याने पाहुण्याचं तोंड स्वच्छ पुसलं आणि मागे सरून पाहिलं.

टीव्हीत, सभागृहातल्या त्या पडद्यावरूनच, नवा पंतप्रधान हात उंचावून शपथ घेत होता. जहूरने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. दोन्हीकडे एकच चेहरा होता.

"मुबारक, जहूर! खलास!" कोरेन पासपोर्ट नाचवत आत आला.

खुर्चीतला गुळगुळीत चेहरा त्याने पाहिला. मग जहूरच्या हातातला वस्तरा पाहिला. पासपोर्ट परत खिशात घालून तो मागे वळला, आणि जहूर आत असतानाच त्याने बाहेरून कुलूप लावलं.