सुनेला सांगितलं

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या सगुणाबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भरती करून मुलगा कामावर गेला. खाटेशी सून रेवती थांबली.

सगुणाबाईंना दुखण्यापेक्षा गोळीची काळजी लागली होती. नवरा गेल्यावर तपासणीत त्यांना एचआयव्ही निघाला, त्याला अठरा वर्षं झाली. रोजची गोळी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती, आणि घरात कुणालाच काही कळू दिलं नव्हतं.

"रेवती, कपाटात माझ्या साड्यांखाली गोळ्यांची बाटली आहे, तेवढी आण," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "मला एचआयव्ही आहे."

रेवती पिशवी उचलून निघून गेली. सगुणाबाई दाराकडे बघत पडून राहिल्या. आता नातू आपल्या मांडीवर बसायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं.

संध्याकाळी रेवती परत आली. तिच्या हातात बाटली होती.

"या गोळ्या देतात त्या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात जाऊन आले. गोळ्या नियमित असतील तर ऑपरेशनला अडचण नाही, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. उद्या इथल्या डॉक्टरांना आपण दोघी सांगू."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते, आई. म्हणून तर विचारून आले."

तिनं सगुणाबाईंच्या मानेखाली हात घातला आणि पाण्याचा पेला ओठांशी धरला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती गोळी कुणाच्या तरी समोर घेतली.