हंसाबाईंची सही

पेनाचं टोपण टक्कन निघालं आणि मेघालीने श्वास रोखला.

पडवीत कुणी हललं नाही. सासरे बाजेवर डोळ्याला पट्टी बांधून निजले होते. त्यांच्या पायाशी तिची लेक किंजल, शाळेच्या कपड्यांतच. वाडीतला पंपही बंद होता. दिवसातला हा एवढाच वेळ तिचा स्वतःचा.

ओट्यावर फ्रेममधून काढलेला कागद होता. जवळजवळ कोरा.

या कागदावर गायिका हंसा नाडगीर यांनी सही केली होती. पालघरला त्यांचा कार्यक्रम होता आणि तबलजीची गाडी चुकली. जवळच्याच माहीमच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणाऱ्या विश्रामला, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, कुणीतरी ओढून स्टेजवर बसवलं. गाणं संपल्यावर बाईंनी कार्यक्रमाच्या जाहिरातीच्या मागे जांभळ्या शाईने नाव लिहून दिलं. विश्रामने ते फ्रेम करून पडवीत लावलं, आल्यागेल्याला पहिलं दिसेल असं. समोर समुद्र, दुपारनंतरचं सगळं ऊन तिथेच.

घरी पाहुणा आला की चहाच्या आधी विश्राम त्याला फ्रेमपुढे उभा करायचे. पाहुणा खाऱ्या हवेने धुरकटलेल्या काचेत डोकावून "वा!" म्हणायचा. विश्रामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना ती "वा!" पुरायची.

मुलगा आणि सून मागे लागून थकले तरी ऑपरेशनला ते तयार नव्हते. या महिन्यात अचानक आपणहून म्हणाले, "एक डोळा तरी करून घेतो. पट्टी निघाली की पयली सही बगणार."

म्हणून मेघाली काच बदलायला फ्रेम बोईसरला कैलासकडे घेऊन गेली होती. स्टेशनजवळ त्याचं फ्रेमचं दुकान. त्याने मागचे खिळे काढले, कागद उजेडात धरला.

"वहिनी, काच नाय, सहीच गेलीय. उन्हाने खाल्ली."

कागद तिरपा केला की निबाचे ओरखडे तेवढे दिसत होते.

"गिरवता येईल?"

"येईल की. पण अशा सह्या घेणारे लोक असतात, ते पुसट झालेली बी घेतील. पेन लावलात तर ही रद्दी." मग तो हसला. "मला काय, मी रद्दीला बी चांगली फ्रेम करतो."

विकायची कुणाला होती? मेघालीला फक्त उद्याची सकाळ दिसत होती. एवढ्या वर्षांनी उघडलेला डोळा, आणि समोर कोरा कागद. हंसाबाई तर कधीच गेल्या. नवी सही आणणार कुठून?

तिने निबाचं टोक ओरखड्यात ठेवलं आणि हलकेच ओढलं. किंजल चुळबुळली तेव्हा ती शेवटच्या अक्षरावर होती.

दुसऱ्या दिवशी पालघरहून पट्टी काढून आले ते विश्राम चप्पल न काढताच फ्रेमपुढे गेले. मान मागे केली, पुढे केली. दारातून येणाऱ्या उजेडाने त्यांच्या डोळ्याला पाणी आलं.

"दिसतंय, बाबा?"

"लख्ख."

मेघालीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तिने चहा केला, बशी त्यांच्या हातात दिली. बशी घेता घेता ते थांबले. तिच्या बोटाकडे बघत राहिले. नखाच्या कडेला जांभळी शाई होती, घासूनही न गेलेली.

"तू गिरवलीस?"

खोटं बोलायला तिला सुचलंच नाही. "उन्हाने गेली होती, बाबा. तुम्हाला वाईट वाटलं असतं. रागावू नका."

"रागावतो कशाला? शालूच्या बोटाला बी अशीच लागली व्हती."

मेघालीला कळेना. तिची सासू शालू, तिच्या लग्नाआधीच वारलेली.

"हंसाबाईची सही मागेच उडाली. पोरगा लहान व्हता तवा," विश्राम म्हणाले. "मी वाडीतली विड्याची पानं घेऊन बाजारात गेलो, तेवढ्यात तुझ्या सासूने गिरवली. बोटाला चुना लावून शाई लपवत व्हती. मला कळलं नाय असं तिला वाटलं. मी बी कदी बोललो नाय."

"मग तुम्ही पाहुण्यांना दाखवत होता ते..."

"तिचा हात दाखवत व्हतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "शाळेत गेली नाय कदी. रेशनला, बँकेत, सगळीकडे अंगठा. जल्मात तिने लिवलं ते एवढंच. माझे बी दिवस किती ऱ्हायले? म्हटलं, जायच्या आदी एकदा नीट बगून घेऊ."

मेघालीने गाळणी खाली ठेवली. "बाबा, मला ठाऊक असतं तर मी पेन लावलंच नसतं."

"असू दे, पोरी. काय लिवते ते तिला तरी कुटं ठाऊक व्हतं?"

ते उठले, पुन्हा फ्रेमपुढे गेले आणि बोट काचेवरून रेघेबरोबर सावकाश फिरवू लागले. किंजलही जाऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली. पहिलीत गेल्यापासून ती दिसेल ती पाटी वाचायची.

"हं... सा," तिने वाचलं. मग आजोबांकडे बघितलं, आईच्या बोटाकडे बघितलं.

"आई, मग ही सही कोणाची?"