भरमाचा सदरा

मुकादमाच्या मानेवर विळा बसला, तेव्हा उडालेलं रक्त या सदऱ्यावर होतं. चाळीस वर्षांत ते काळंठिक्कर पडलं होतं. नीलमनं हातमोजे घातले आणि सदरा पांढऱ्या कागदावर पसरला.

बेळगावातल्या या वस्त्रसंग्रहालयात ती तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून आली होती. तिथं जरीचे शेले होते, सरदारांचे अंगरखे होते. राबणाऱ्या माणसाचा एकही कपडा नव्हता. म्हणून तिनंच बोरगावहून आज्जीच्या ट्रंकेतला हा सदरा आणला. सदरा तिच्या आज्ज्याचा, भरमाचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मुकादमानं आज्जीला पोत्यांच्या आड ओढलं, भरमा धावून आला आणि सुतळी कापायच्या विळ्यानं त्यानं मुकादमाला उभा चिरला. अकरा वर्षं जेल भोगली. कोर्टानं परत दिलेला सदरा आज्जीनं, गंगव्वानं, कधी धुतला नाही. बोरगावच्या समाजमंदिरात अजून भरमाच्या फोटोला हार पडतो. जयंतीच्या स्टेजवर नीलमनं हीच गोष्ट किती वेळा सांगितली होती!

"आतून बघ," सुनयना मॅडम म्हणाल्या. संग्रह त्या सांभाळत. "मागून आधाराचं कापड शिवायच्या आधी डाग कुठवर गेलेत ते कळू दे."

नीलमनं सदरा उलटा केला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत आत एक तिरका हिरवा पट्टा होता.

"लुगड्याचा कच्चा रंग," मॅडम भिंग घेऊन वाकल्या. "घामानं उतरलाय."

"वखारीत बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालतात, मॅडम. तंबाखूची धूळ अंगाला लागू नये म्हणून. आज्जीही घालत असणार."

"रोज घालत असेल. पण हे बघ." छातीवर रक्त आरपार झिरपलं होतं आणि नेमका तिथंच हिरवा रंग फुटून रक्तात पसरला होता. "रक्त ओलं असताना आत लुगडं होतं, नीलम."

नीलमनं भिंग घेऊन तो डाग पुन्हा पाहिला.

रविवारी ती बोरगावला गेली. गंगव्वा अंगणात लसूण सोलत बसली होती.

"आज्जी, त्या दिवशी सदरा कुणाच्या अंगात हुता? आतनं लुगड्याचा रंग लागलाय."

गंगव्वाचे हात थांबले.

"भरमा तिथं न्हवताच," ती म्हणाली. "गाडी भराय गेलता. मुकादमानं माझं तोंड दाबलं. मी त्येच्या हाताला चावले, तर त्यानं माझं डोस्कं भिंतीवर आपटलं. दोनदा. मग विळा हाताला लागला. पयला घाव मानंवर घातला. त्यो पडला, हात जोडाय लागला. तरी मी थांबले न्हाय. किती घातले ते कोर्टातच कळलं. सतरा."

"आणि आज्जा?"

"त्यो आला तवा मी रक्तात बसलेली. तुझा अप्पा पाळण्यात, दोन म्हैन्यांचा. भरमानं सदरा माझ्या अंगातनं वडून काढला, सोता घातला आन् चालत पोलीस स्टेशनला गेला. जाताना म्हणाला, पोराला तू पाजतीस, मी न्हाय." तिनं नाक पदराला पुसलं. "लुगडं मी चुलीत जाळलं. सुटून आल्यावर त्यानं त्यातला एक शब्द काढला न्हाय. मरस्तवर."

नीलमनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. लसणाचा वास येणारे, सुरकुतलेले, हलके हात. ह्याच हातांनी तिला न्हाऊ घातलं होतं.

"मी कुणाला सांगत न्हाय, आज्जी. संग्रहालयात सदऱ्याजवळच्या कार्डावर आज्ज्याचंच नाव राहू दे. ह्या वयात पोलीस दारात नकोत."

गंगव्वानं हात सोडवून घेतले. सालं झटकली.

"ती कापडं बघाय कोण येत्यात गं तिथं?"

"शाळेच्या सहली येतात. पोरी लई."

"मग माझं नाव लिव," गंगव्वा म्हणाली. "न्हायतर त्या पोरी कुणीतरी गडी धावून यायची वाट बघत बसतील."