हादऱ्याची सवय

सरपंचताईंची सही होईना म्हणून मनिषचं डोकं भणभणलं होतं. परवा शनिवारी वेवजीच्या माळावर त्याचा डान्स म्युझिकचा फेस्टिवल. स्टेज उभं होतं, स्पीकर चढले होते आणि घोडं अडलं होतं ग्रामपंचायतीच्या ना-हरकत पत्रावर. ते आज संध्याकाळी पाचच्या आत पोलिसांकडे पोचलं नाही तर सगळा खेळ खलास.

तशी या धंद्यात विघ्नं त्याच्या पाचवीलाच पुजलेली. मोठ्या नावाच्या डीजेने ऐन वेळी पुण्याचा कार्यक्रम घेतला. दारूचा परवाना मिळेना, तसा मुख्य प्रायोजक पळाला. वापी-सुरतचं पब्लिक फोनवर गाण्याचं सोडून बारचीच चौकशी करत होतं. त्यात नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन थरथरायला लागलेली, ती फेब्रुवारी आली तरी थांबायचं नाव घेत नव्हती. भूकंपाच्या गावात नाचायला यायचं का, असं लोक विचारत. त्यांना काय सांगणार, कपाळ?

सरपंच मालूताईंचं म्हणणं मात्र सरळ होतं. माळाला लागून पाडा आहे. जरा हादरलं की माणसं घर सोडून पळतात. मागच्या धक्क्याला पळापळीत एका म्हातारीचा पाय मोडला. तुमचे स्पीकर दोन दिवस धडधडणार, तर पाड्याने दोन दिवस पळतच राहायचं का, असं त्या विचारत होत्या. लोक घाबरणार नाहीत हे आधी दाखवा, मग सही घ्या.

दाखवतो की, म्हणाला मनिष. दुसरा इलाज तरी काय होता? दुपारी तो स्वतः घरोघर फिरला. अर्धा तास घरातच बसा, थाळ्या पडल्या तरी उठू नका, तो आमचाच आवाज आहे, असं त्याने एकेकाला हात जोडून सांगितलं. थाळ्यांचं सांगावंच लागलं, कारण प्रत्येक घरात तांब्यावर थाळी तोलून ठेवलेली. जमीन हलली की थाळी पडते आणि झोपलेलं माणूस जागं होतं.

स्पीकरवाला जिग्नेश वापीचा. त्याने पहिल्यांदा बेस सोडला तेव्हा पाडाभर थाळ्या खणाखण पडल्या आणि सगळी माणसं अंगणात. मनिषने पुन्हा हातापाया पडून त्यांना आत बसवलं. दुसऱ्या वेळी निम्मीच बाहेर आली, तीही ओशाळून हसत. तिसऱ्या वेळी थाळ्या पडल्या, पण उंबऱ्याबाहेर एक माणूस आलं नाही.

महिनाभरात पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं झालं होतं. मनिषला अगदी भरून आलं. त्याने जनरेटर बंद करायला सांगितला. मालूताईंनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला, पेन मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आता हेही वाचणार, म्हणून मनिष मनातल्या मनात चरफडला. साडेचार वाजत आले होते.

तेवढ्यात पाड्यात पुन्हा थाळ्या खणखणल्या.

"बास झालं ना आता, जिग्नेश. किती वेळा सांगायचं?" मनिष मागे न बघताच खेकसला.

"जनरेटर बंद छे, शेठ."

मनिषने वळून पाहिलं. जिग्नेश खांद्यावर वायरींची गुंडाळी घेऊन उभा होता आणि त्याच्या डोक्यावर स्टेजचे लोखंडी खांब कुरकुरत हलत होते. पाड्यातून कोणीच बाहेर येत नव्हतं.

मालूताई पेन टाकून धावल्या. मनिष त्यांच्याही पुढे गेला. बाहेर या, सगळे बाहेर या, असं ओरडत तो पहिल्याच घराच्या दारात पोचला. घरकुलाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि त्यातून माती भुरभुरत होती. आत चुलीपाशी म्हातारी शुक्री नातीला मांडीवर घेऊन निवांत बसली होती. त्याचा धापा टाकणारा अवतार बघून तिलाच त्याची कीव आली.

"उगा कशाला धावत आलात, शेठ," ती म्हणाली. "आता आमी नाय भीत. तुमचाच हाय ना यो आवाज."